रस्ता सार्वजनिक, वाढीव मोल कोणाचे?

मुंबईत सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग असावेत ही सूचना नवी नाही आणि तिला होणारा विरोधही नवा नाही. हा विरोध बहुधा मोटारी उभ्या करण्याच्या जागेवरून सुरू होतो आणि थोड्याच वेळात घराच्या किमतीपर्यंत येऊन पोहोचतो. दारासमोरची मोटारीची जागा गेली तर सदनिकेचा भाव उतरेल, असे एक पक्ष म्हणतो. परदेशांत सायकलमार्गालगतच्या घरांचे भाव चढले आहेत, तेव्हा हा सौदा फायद्याचाच आहे, असे दुसरा पक्ष बजावतो. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट मात्र न बोलता मान्य केलेली असते. ती अशी की, रस्त्याचे बरेवाईट ठरविण्याचे माप म्हणजे त्याच्या काठच्या घराचा दर चौरस फुटाचा भाव. हे माप पारखून पाहण्यास शिवाजी पार्कइतकी योग्य वस्ती मुंबईत क्वचितच सापडेल.

याचे कारण उघड आहे. या मैदानाभोवती पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेला वर्ग मुख्यतः पगारदार, व्यावसायिक आणि निवृत्त माणसांचा. त्यांतील बहुतेकांची आयुष्यभराची पुंजी राहत्या घरात अडकलेली आहे. घराच्या किमतीची चिंता करणाऱ्या अशा माणसाला लोभी ठरविणे अन्यायाचे होईल. २०१२ साली शिवाजी पार्क आणि त्याच्या भोवतालचा परिसर वारसा यादीत घालण्याचा प्रस्ताव महापालिकेने प्रसिद्ध केला तेव्हा येथील रहिवाशांनी त्याला कडाडून विरोध केला होता. त्यामागे सौंदर्यदृष्टीचा अभाव नव्हता. जीर्ण झालेल्या इमारतीची पुनर्बांधणी कायमची अडकून पडेल ही धास्ती होती. ज्याच्या छतातून पावसाळ्यात पाणी ठिबकते त्याने त्या छताच्या कलात्मकतेचे कौतुक करीत बसावे, अशी अपेक्षा बाहेरच्यांनी बाळगणे सोपे असते. सायकलमार्गाचा विचारही ही धास्ती ध्यानात घेऊनच करावा लागेल. पण धास्ती खरी असली तरी तिच्यातून काढलेला निष्कर्ष बरोबर असतोच असे नाही.

मोल आले कोठून?

शिवाजी पार्कच्या जमिनीला आज जे मोल आहे ते मुळात जमिनीच्या अंगचे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दादर-माहीमचा हा भाग वाड्यांचा आणि विरळ वस्तीचा होता. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. कोंदटलेल्या वस्त्या मोकळ्या केल्यावाचून शहराचा धडगत नाही हे सरकारला उमगले आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती या ट्रस्टच्या योजनांतून उभ्या राहिल्या. घरे आधी आणि रस्ते मागाहून हा मुंबईचा नेहमीचा उफराटा क्रम तेथे मोडला गेला. १९०७ साली मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या धावू लागल्या. दादर हे त्यांचे शेवटचे ठिकाण ठरले आणि १९६४ साली ट्राम कायमची बंद झाल्यावरही ‘दादर टी.टी.’ हे नाव लोकांच्या तोंडून गेले नाही.

रेल्वेच्या पश्चिमेस महापालिकेने १९२५ साली माहीम पार्क या नावाने मैदान खुले केले. १९२७ साली, शिवजन्माच्या त्रिशताब्दीचे औचित्य साधून, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले. १९२८ साली कुलाबा ते बोरिवली या मार्गावर विजेची लोकलगाडी सुरू झाली. मैदानाभोवतीच्या तीन-चार मजली, गोलसर सज्जांच्या इमारती प्रामुख्याने यानंतरच्या दोन दशकांतल्या. म्हणजे प्रथम रस्ता, ट्राम, रेल्वे आणि सुमारे २८ एकरांची मोकळी जागा आली. घरे आणि त्यांची किंमत त्यामागून आली. मैदानावर इमारती न बांधण्याचा निर्णय सार्वजनिक होता. त्याचे मोल मात्र भोवतालच्या प्रत्येक खाजगी गच्चीत आणि गॅलरीत साठत गेले.

मैदानाच्या पूर्वेकडून जाणारा लेडी जमशेटजी मार्ग तर या संबंधात आणखी एक दाखला पुरवितो. माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा खाडीवरचा रस्ता १८४५ साली खुला झाला तो या बाईंनी दिलेल्या सुमारे दीड लाख रुपयांच्या देणगीतून. आणि त्या रस्त्यावर पथकर घेतला जाऊ नये ही त्यामागची अट होती. दोन बेटे जोडल्याने दोन्ही काठांच्या जमिनींचे मोल किती वाढले याचा हिशेब त्या दानशूर बाईंनी मागितला नाही. वाटसरूला फुकट जाता यावे एवढेच त्यांनी मागितले. जोडणीचे मोल आणि जोडणीचा हेतू या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे पावणेदोनशे वर्षांपूर्वी या शहराला कळत होते.

सायकल या वस्तीला परकी नाही. जमीन सपाट, रस्ते बव्हंशी सरळ आखलेले; शाळा, बाजार आणि स्टेशन मैलाच्या आतबाहेर. बालमोहनपासून रुपारेल, रुईया आणि कीर्ती महाविद्यालयांपर्यंतच्या शिक्षणसंस्था मैदानापासून दोन-तीन किलोमीटरांच्या टप्प्यात आहेत. एकेकाळी तासाच्या भाड्याने सायकल घेऊन ती शिकण्याचा पहिला धडा मैदानाच्या कडेलाच गिरविला जाई. आज मध्यमवर्गाच्या मुलाने ती सोडली आहे. परंतु पहाटेचा पाव, दूध आणि वर्तमानपत्र, दुपारचा जेवणाचा डबा आणि इस्त्रीचे कपडे आजही बहुधा सायकलवरूनच दाराशी येतात. सायकल रस्त्यावरून गेलेली नाही. ती चालविणारा माणूस मात्र नियोजनकारांच्या नजरेतून गेला आहे.

परदेशांतील आकडे काय सांगतात?

घरांच्या किमतीवर सायकलमार्गाचा परिणाम होतो काय, याचा अभ्यास प्रामुख्याने अमेरिकेत झाला आहे. इंडियानापोलिस शहरात पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी सुमारे १३ किलोमीटर लांबीचा ‘कल्चरल ट्रेल’ २०१३ साली पुरा झाला. त्याच्यापासून पाचशे फुटांच्या आतील मालमत्तांचे एकूण मूल्य २००८ ते २०१४ या काळात १४८ टक्क्यांनी, म्हणजे सुमारे एक अब्ज डॉलरने वाढल्याचे तेथील विद्यापीठाच्या पाहणीत आढळले. हा आकडा डोळे दिपविणारा आहे आणि म्हणूनच तो जपून हाताळला पाहिजे. २००८ हे मंदीचे वर्ष होते. त्यानंतर सावरलेला बाजार आणि नवी बांधकामे यांचाही हातभार या वाढीला लागला असणार. शिवाय असे मार्ग अनेकदा चढत्या भावाच्या वस्तीतच बांधले जातात. तेव्हा मार्गामुळे भाव चढला, की भाव चढत होता म्हणून मार्ग आला, हा प्रश्न उरतोच.

याहून उद्‌बोधक निष्कर्ष मिनिआपोलिस आणि पोर्टलंड या शहरांतील अभ्यासांचे आहेत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मिनिआपोलिसच्या अभ्यासात असे दिसले की, मोटाररस्त्यापासून अलग असलेल्या सायकलमार्गाच्या चारशे मीटर जवळ येणाऱ्या घराला शहरात सुमारे ५१० डॉलर अधिक मिळतात. उपनगरांत मात्र रस्त्यालगतच्या मार्गाने घराची किंमत वाढण्याऐवजी घटलेली आढळली. २०१७ साली पोर्टलंडच्या घरांचा असाच अभ्यास झाला. त्यात सायकलमार्ग दाराजवळ असण्यापेक्षा भोवताली त्यांचे जाळे किती दाट आहे याला ग्राहक अधिक मोल देतात असा कल दिसला. या अभ्यासांचे सार एका वाक्यात सांगता येईल. रस्त्यावर ओढलेल्या रंगाच्या पट्ट्याला बाजार किंमत देत नाही. सुरक्षितपणे कोठेतरी पोहोचता येण्याला देतो. नळाची वाहिनी घरापर्यंत आणली, पण ती तलावाला जोडलीच नाही, तर तिचे मोल कोण देणार? सायकलमार्गाचेही तसेच आहे.

आणि ज्या देशाचे नाव सायकलींच्या संदर्भात पहिले घेतले जाते त्या नेदरलँड्‌समध्ये तर या साऱ्याचा आरंभ घरांच्या किमतीतून झालाच नाही. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. मुलांचे हे बळी थांबवा, अशी मागणी घेऊन आईबाप रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलटंचाईने त्या मागणीला आर्थिक बळ दिले आणि पुढच्या काही दशकांत सायकलींचे जाळे विणले गेले. त्या आईबापांना घराच्या चौरस फुटाच्या भावाचे गणित मांडावेसे वाटले नाही. तरीही आज त्या शहरांतील घरे स्वस्त नाहीत.

मुंबईचा अनुभव

मुंबईने या बाबतीत आजवर जे केले ते पाहिले तर जोडणीचा विसर हाच त्यातील समान धागा दिसतो. वांद्रे-कुर्ला संकुलात मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २०११ च्या सुमारास सुमारे १३ किलोमीटरांचा सायकलमार्ग बांधला. संकुलात रोज लाखो माणसे कामाला येतात ती वांद्रे आणि कुर्ला या स्थानकांतून. हा मार्ग त्यांना त्या स्थानकांपर्यंत सुखरूप नेणारा असता तर त्याचे भवितव्य वेगळे झाले असते. तो संकुलातल्या संकुलात फिरत राहिला. सायकलींऐवजी त्यावर मोटारसायकली उभ्या राहू लागल्या आणि अखेर २०२५ साली तो काढून टाकून मोटाररस्ता रुंद करण्याचे प्राधिकरणाने ठरविले. सायकली कोणी चालवीत नाही, याचा पुरावा म्हणून आता हाच मार्ग पुढे केला जाईल. ज्या शिडीला वरच्या पायऱ्याच नाहीत तिच्यावर कोणी चढत नाही, यावरून माणसांना वर जायचे नाही असे अनुमान काढण्यासारखेच हे आहे.

पवई तलावाच्या काठावर महापालिकेने सायकलमार्गाचे काम आरंभले ते तलावातच भर घालून. २०१७ च्या पाणथळ जागांविषयीच्या नियमांचा भंग होत असल्याचा निर्वाळा देऊन मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ते काम बेकायदा ठरविले आणि जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. लोकांच्या जाण्यायेण्यासाठी नव्हे तर सहलीसाठी मार्ग काढायचा म्हटले की तो तलावाकाठीच सुचतो. कामावर जाणाऱ्या माणसाला तलावाला प्रदक्षिणा घालायची नसते.

तिसरे उदाहरण अधिक कटू आहे आणि घरांच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. तानसा तलावाचे पाणी शहरात आणणाऱ्या जलवाहिन्यांच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर जागा मोकळी करावी, असा उच्च न्यायालयाचा आदेश होता. जलवाहिन्यांची सुरक्षितता हे त्याचे कारण होते. ही मोकळी झालेली जागा पुन्हा व्यापली जाऊ नये म्हणून तेथे सुमारे ३९ किलोमीटर लांबीचा सायकलमार्ग करण्याची योजना महापालिकेने २०१७ साली आखली. जागा मोकळी झाली ती तेथील हजारो कुटुंबांना हलवून. त्यांतील अनेकांना तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारच्या माहुल येथे घरे देण्यात आली. तेथील दूषित हवेत राहणे आरोग्याला घातक असल्याच्या तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या आणि २०१९ साली, दुसरीकडे घर देता येत नसेल तर दरमहा १५,००० रुपये भाडे द्या, असे उच्च न्यायालयाने सरकारला बजावले. या विस्थापनाचे खापर सायकलीवर फोडणे योग्य नव्हे. परंतु मार्गाच्या एका टोकाला सदनिकेचा भाव वाढतो की नाही याची चर्चा होत असताना दुसऱ्या टोकाला कोणाचे घरच जाते आहे काय, हे विचारण्याची सवय शहराने लावून घेतली पाहिजे.

वाढावा कोणाच्या पदरात?

आता पुन्हा शिवाजी पार्ककडे वळावे. समजा, येथे उत्तम सायकलमार्ग झाला, तो स्थानकांना जोडला गेला आणि परदेशांतल्याप्रमाणे घरांचे मोल वाढले. हा वाढावा कोणाला मिळेल?

मैदानाभोवतालच्या जुन्या इमारतींत पागडीचे भाडेकरू आजही मोठ्या संख्येने आहेत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने त्यांचे भाडे गोठले आणि १९९९ च्या कायद्याने पागडीच्या देवघेवीला मान्यता दिली. अशा भाडेकरूच्या हाती जागेचा ताबा असतो, जमीन नसते. उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास झाला की त्याला ठराविक क्षेत्रफळाचे घर मिळते. किमान ३०० चौरस फुटांची हमी नियमात आहे. त्यापलीकडे काय मिळावे हे विकासकाशी घासाघीस करण्याच्या त्याच्या ताकदीवर ठरते. वाढलेल्या भावाचा खरा हिशेब होतो तो विक्रीसाठी बांधलेल्या वरच्या मजल्यांवर, आणि तो हिशेब विकासक व जमीनमालक यांच्यात मिटतो. सहकारी गृहसंस्थेतील सदनिकाधारकाची स्थिती याहून बरी. चढ्या भावाच्या बळावर त्याला थोडी अधिक जागा मागता येते. पण त्यालाही ती संपत्ती हाती पडते ती घर विकून दादर सोडले तरच. नव्या उंच इमारतीत राहायचे ठरविले तर उद्वाहन, पाणी, पहारा यांचा मासिक खर्च निवृत्तिवेतनाला न झेपणारा असतो.

आणि त्याच्या मुलांचे काय? शिवाजी पार्कला जन्मलेला मुलगा लग्नानंतर ठाण्याला, डोंबिवलीला किंवा बोरिवलीपलीकडे घर घेतो, ही या वस्तीतील घरोघरची कथा आहे. भाव चढला याचा अर्थ त्याच्या परतीची वाट आणखी लांबली एवढाच. आईबापांच्या कागदावरची श्रीमंती आणि मुलांचे विस्थापन या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. अमेरिकेतील अटलांटा शहराने याचा अनुभव घेतला आहे. तेथे जुन्या लोहमार्गावर ‘बेल्टलाइन’ नावाचा पायी व सायकलने जाणाऱ्यांचा वलयमार्ग होत आहे. २०११ ते २०१५ या काळात त्याच्या अर्ध्या मैलाच्या आतील घरांचे भाव शहरातील इतर घरांपेक्षा १८ ते २७ टक्क्यांनी अधिक वाढले. योजनेबरोबर ५,६०० परवडणारी घरे द्यावयाची होती. पण भाव पुढे धावले आणि ती घरे मागे राहिली. ज्यांच्यासाठी मार्ग काढला त्यांना तो वापरण्याइतके जवळ राहणे परवडेनासे झाले.

सार्वजनिक कामामुळे वाढलेल्या मोलातील काही भाग समाजाला परत मिळावा, हे तत्त्व आपल्या कायद्याला अपरिचित नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात ते होते आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातही आहे. नगररचना योजनेमुळे भूखंडाचे जे मोल वाढेल त्याच्या निम्म्यापर्यंत अंशदान घेण्याची त्यात तरतूद आहे. मुंबईसारख्या बांधून झालेल्या शहरात मात्र नव्या नगररचना योजना होत नाहीत आणि तरतूद कागदावर राहते. तिच्या जागी एप्रिल २०२२ पासून मुद्रांक शुल्कावर एक टक्क्याचा मेट्रो अधिभार आला आहे. हा अधिभार घर विकत घेणारा भरतो. भुयारी मेट्रोमुळे ज्याच्या जमिनीचे मोल वाढले तो विकणारा त्यातून सुटतो आणि आयुष्यभर कर्ज फेडणार असलेला नवा रहिवासी पकडला जातो. तत्त्व योग्य, पण भार भलत्याच्या खांद्यावर, असा हा प्रकार आहे.

काय करता येईल?

शिवाजी पार्कला आज जोडणीची संधी आहे. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण लांबीने सुरू झाली आणि दादर व शीतलादेवी ही तिची दोन स्थानके मैदानाच्या दोन अंगांना आली. दादरचे रेल्वे स्थानक मैदानापासून सुमारे एक किलोमीटरवर आहे. ही अंतरे सायकलीला पाच-सात मिनिटांची आहेत. यासाठी अब्जावधींचा उन्नत मार्ग नको आणि मैदानाची वीतभर जागाही नको. स्थानकांपाशी सायकल निर्धास्तपणे ठेवता येईल असा पहाऱ्याचा तळ, मैदानाभोवतीच्या आतल्या रस्त्यांवर मोटारींच्या वेगाला सक्त मर्यादा, स्थानके, शाळा व महाविद्यालये यांना सलग जोडणारा आणि मोटारींपासून कठड्याने अलग केलेला मार्ग, आणि टिळक पुलाच्या नव्या बांधणीत पूर्वेकडे जाण्यासाठी राखलेली जागा, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. पूर्व आणि पश्चिम दादर यांना जोडणाऱ्या पुलावर सायकलला वाट नसेल तर दोन्ही बाजूंचे मार्ग पुन्हा वांद्रे-कुर्ला संकुलाच्याच वळणावर जातील.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावयास हवी. ही जागा मोटाररस्त्यातून घ्यावी, पदपथातून नव्हे. संध्याकाळी मैदानाच्या कट्ट्यालगत फेऱ्या घालणारी वृद्ध माणसे ही या वस्तीची पहिली हक्कदार आहेत. त्यांच्या अंगावर सायकल घालून मोटारीला मोकळी वाट देणे ही सुधारणा नव्हे.

मोटारींच्या जागेविषयीचा आक्षेप येथे पुन्हा येईल. त्याला उत्तर असे की, मैदानाभोवतालच्या गल्ल्यांची रुंदी जुन्या तीन-चार मजली इमारतींच्या मापाची आहे आणि आजच्या नियमांप्रमाणे नव्या इमारतीतील मोठ्या सदनिकेमागे दोन मोटारींची सोय करावी लागते. प्रत्येक पुनर्विकासाबरोबर या गल्ल्यांत मोटारींची भर पडत आहे. घराच्या सुखाला खरा धोका या कोंडीचा आहे. त्या कोंडीत मोटारीच्या दोन-चार जागा राखून फार काही वाचणार नाही. रानडे रोडच्या व्यापाऱ्यांनाही धसका घेण्याचे कारण नाही; दादरचे गिऱ्हाईक मुख्यतः लोकलने येते आणि पायी हिंडते. राहता राहिला पाऊस. चार महिन्यांच्या पावसाचा बाऊ करून उरलेले आठ महिने सायकल नाकारणे सयुक्तिक नाही. आणि पाववाला, डबेवाला तर त्या चार महिन्यांतही सायकलवरच असतो.

खर्चाचा प्रश्न सुटू शकतो. पुनर्विकासात वाढीव चटईक्षेत्रासाठी विकासकांकडून जे अधिमूल्य घेतले जाते त्याचा एक निश्चित भाग त्याच विभागातील पदपथ आणि सायकलमार्ग यांसाठी राखून ठेवावा आणि त्याचा जमाखर्च दरवर्षी विभाग कार्यालयात लोकांसमोर मांडावा. रस्त्यावर मोटार उभी करण्याचे रास्त भाडे घ्यावे आणि तेही तेथेच खर्च व्हावे. ज्यांच्या जमिनीचे मोल सार्वजनिक कामाने वाढते त्यांच्याकडून त्यातील वाटा घ्यावयाचा, घर शोधणाऱ्या नवख्याकडून नव्हे, हे सूत्र एकदा मान्य केले की भाव वाढण्याची भीती आणि भाव वाढण्याचा मोह या दोहोंचाही जोर ओसरतो. याच सूत्राने पागडीच्या भाडेकरूला पुनर्विकासात मिळणाऱ्या जागेचे प्रमाणही ठरले पाहिजे. परिसराचे मोल त्याच्या शेजाराने आणि त्याच्या राबत्या वावराने घडलेले आहे. त्या मोलाच्या वाटणीत तो उपरा ठरता कामा नये.

मग सायकलमार्गाचे यश कशाने मोजावे? दहा वर्षांनी या परिसरातील किती मुले आईबापांच्या जिवाला घोर न लावता शाळेत एकटी जातात, पाववाल्याला आणि डबेवाल्याला रस्त्यावर स्वतःची जागा मिळाली की नाही, आणि आज जे भाडेकरू मैदानाभोवती राहतात त्यांतील किती जण तेव्हाही तेथेच राहतात, या तीन प्रश्नांच्या उत्तरांनी ते मोजता येईल. या उत्तरांचा दर चौरस फुटाच्या भावाशी संबंध असेलही, पण तो दुय्यम आहे. शिवाजी पार्कच्या मैदानाला २०२५ साली शंभर वर्षे पूर्ण झाली. या शतकात त्याच्याभोवतीच्या जमिनीचा भाव किती पटींनी वाढला याचे गणित दलालांच्या वहीत असेल. तेथे किती पिढ्या खेळल्या हेच लोकांच्या स्मरणात आहे आणि मैदान राखले गेले तेही त्यामुळेच. रस्त्यांनाही तोच न्याय लावावा.